जेसीबी लावायच्या आधी आपला पाणलोट पायी फिरून कसा समजून घ्यायचा

मे महिना आला की गावागावात एकच चर्चा, यंदा कुठला नाला खोल करायचा, मशीन कुणाचं आणायचं, डिझेलला पैसे कुठनं. काम करायची तळमळ असते आणि वर्गणीही जमते, पण आपल्या शिवारात पडलेलं पाणी सध्या जातं कुठं आणि त्याला वाटेत कोण कोण धरून ठेवतंय हा प्रश्न बैठकीत फारसा निघतच नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे की मशीन लावायच्या आधी एक पावसाळा आणि त्याच्या पुढचा उन्हाळा आपला पाणलोट पायी फिरा, लिहून ठेवा, मोजा. माथ्यावरचं गवत, वारुळं, खेकड्यांची बिळं, काठावरची उंबर-करंजाची रांग, डोहातले मासे हे सगळं पाण्यावर जगतं हे आपल्याला माहीत असतं, पण पाणी शिवारात टिकतं तेही ह्यांच्यामुळेच, आणि हे ध्यानात न घेता केलेलं काम दोनतीन वर्षांत गाळानं भरून जातं.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः घाटाच्या पूर्वेकडच्या भागाला धरून आहे, म्हणजे पुणे-नगरचे दुष्काळी तालुके, माण-खटाव, आटपाडी, सोलापूर, मराठवाडा. खाली काळा बसाल्ट खडक, पाऊस ५०० मिमीच्या मागंपुढं. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० मिमीच्या वर पडतो आणि माणला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा, तेव्हा एका जिल्ह्यातलं गणितसुद्धा एक नाही हे आधीच डोक्यात ठेवा. कोकणाचं थोडं शेवटाकडे लिहितो.

आधी हद्द

गावाची शीव आणि पाणलोटाची शीव एक नसते. ओढ्यावर एक जागा पकडा, एखादा पूल किंवा जुना बंधारा. त्या जागेला जेवढ्या रानाचं पाणी येऊन मिळतं तेवढा तुमचा पाणलोट. सुरुवातीला ५०० ते १००० हेक्टरच्या आतलाच घ्या, मोठा घेतला तर फिरणं होत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे ऑनलाईन मिळतात, त्यावर सारख्या उंचीच्या रेषा असतात, त्या बघून माथ्याची रेघ पेन्सिलीनं ओढा, गुगल अर्थवर ताडून बघा आणि मग प्रत्यक्ष त्या रेघेवरनं चाला. चालताना प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारायचं की इथं घागर ओतली तर पाणी कुठल्या अंगाला जाईल. नकाशात सपाट दिसणारी जागा पायाखाली बरोबर कळते, आणि कितीतरी वेळा नवा डांबरी रस्ता किंवा पाटाचा भराव पाणी एका ओढ्यातनं दुसऱ्या ओढ्यात वळवत असतो हेही तेव्हाच दिसतं.

सोबत कोण पाहिजे? एक गुराखी किंवा मेंढपाळ, ज्याला कुठं ओल किती दिवस राहते ते ठाऊक असतं. आणि गावातल्या साठी-सत्तरीच्या दोनतीन बायका, ज्यांनी लहानपणी झऱ्यावरनं पाणी वाहिलंय. झरे कुठं होते, कुठल्या महिन्यापर्यंत चालायचे, कधी बंद पडले हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि त्यांना विचारायला कुणी जात नाही. हा सगळा जुना इतिहास आधी वहीत उतरवून घ्या, कारण पुढं जे मोजायचं त्याची तुलना त्याच्याशीच करायचीय.

माथ्यावर गवत बघा, झाडं नंतर

डोंगरावर हिरवं दिसलं की आपण खूश होतो, पण हिरवं म्हणजे नेमकं काय ते वाकून बघायला लागतं. मारवेल, पवना, शेडा, डोंगरी गवत असं बहुवर्षायू गवत असलं तर मुळ्या खोल असतात, बुंधा जागेवर टिकतो, पहिल्या वळवाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही. चराई वाढली की ही गवतं मागं पडतात आणि कुसळी पुढं येते, अजून चराई झाली की कुसळीही जाऊन नुसतं बारीक हंगामी गवत उरतं, जे ऑक्टोबरला वाळतं आणि पुढच्या वळवाला माती उघडी. म्हणजे गवत कुठलं आहे ते बघून त्या उताराची गेली दहावीस वर्षं कशी गेली ते कळतं. धोतराला कुसळं किती चिकटली हासुद्धा डाटाच आहे हो.

आता एक साधी टेस्ट, ही प्रत्येक गावानं करावीच. १५ सेंमी व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या, दोन्ही तोंडं कापून नळी करा, जमिनीत ४-५ सेंमी ठोका, आत एक लिटर पाणी ओता आणि मोबाईलवर वेळ लावा. ह्या मापाच्या डब्यात एक लिटर म्हणजे साधारण ५६ मिमी पाऊस, चांगला दणका. पहिलं लिटर कोरडी माती पिऊन टाकते म्हणून ते धरू नका, दुसरं लिटर मुरायला किती वेळ लागला तो लिहा. हेच चांगल्या गवतात, उघड्या माळावर, गुरांच्या पायवाटेवर, नांगरलेल्या रानात आणि झाडाखालच्या पालापाचोळ्यात असं पाच जागी करा. पायवाटेवर पाणी तसंच उभं राहतं आणि गवतात बघता बघता दिसेनासं होतं, हे दहावीतल्या पोरांना एकदा करून दाखवलं की चराईबंदीवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

हा फरक पडतो कुठनं? मुळ्या कुजून पोकळ्या राहतात, गांडुळं, वाळवी, मुंग्या, शेणकिडे बारीक बोगदे करतात, मुठे खेकडे बिळं पाडतात, आणि ह्या सगळ्यांना खायला पालापाचोळा आणि शेण लागतं. पाचोळा जाळला, माती तुडवून घट्ट झाली की हे जीव जातात आणि वरची माती पापडी धरते. मग तोच पाऊस जो मुरायचा तो पळायला लागतो. म्हणून उतारावर वारूळ दिसलं की ते मोडू नका, तिथं पाणी आत जातंय.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, गुरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्यानं कापून आणायचं. लोक तिथले बंधारे बघायला जातात, फोटो काढतात, परत येतात, पण मला विचाराल तर त्या गावाचं खरं काम डोंगरावर आहे आणि ते गवत आहे. ज्यांच्या पुढाकारानं हे काम झालं त्या पोपटराव पवारांच्या ह्या गावाला ४०० मिमीच्या आसपास पाऊस, तरी तिथं हे झालं.

चर खोदायचे असतील तर सलग समतल चर साधारण ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, माती खालच्या अंगाला, आणि समपातळी हायड्रोमार्करनं (पाणी भरलेल्या नळीचं साधन) किंवा ए-फ्रेमनं (ओळंबा लावलेली A आकाराची चौकट) काढूनच. अंदाजानं काढलेला चर एका टोकाला फुटतो आणि तिथनं नवी घळ पडते. पण जिथं गवत आधीच चांगलं आहे तिथं कुदळ लावायचीच नाही. तिथं दोनतीन वर्षं नुसती चराईबंदी करा, बांधबंदिस्तीचा पैसा वाचतो.

इथं एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. माळरान म्हणजे पडीक जमीन नाही. सोलापूर, पुणे, नगर भागातल्या माळरानावर लांडगा, खोकड, धाविक, चंडोल राहतात, सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक ह्याच रानातला आणि त्याची अवस्था काय झाली ते आपण बघतोच. सरकारी कागदावर ही जमीन पडीक म्हणून लागते आणि मग वृक्षारोपणाचं टार्गेट तिथं पूर्ण केलं जातं, गिरीपुष्पाच्या ओळीच्या ओळी. कमी पावसाच्या पातळ मातीवर दाट झाडं लावली की ती मुळातनं पाणी ओढून हवेत सोडतात, खालच्या विहिरीला मिळायचं ते कमी होतं आणि गवतावरचे जीवही जातात. झाडं जरूर लावा, पण ओढ्याकाठी, बांधावर, घळीच्या तोंडाला, जिथं ती पूर्वी होती. माळ गवतालाच राहू द्या.

खडक कसा ओळखायचा

महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून जास्त भूभागाखाली बसाल्ट आहे, लाव्हाचे थर एकावर एक. सगळे थर सारखे नसतात. वर मुरूम, मग कुठं भेगाळलेला काळा पाषाण, कुठं अखंड कातळ, कुठं मांजऱ्या म्हणजे बारीक छिद्रांचा मऊसर खडक, मधे कधी तांबडा गेरूचा थर. अखंड कातळात पाणी जवळजवळ शिरतच नाही, भेगाळलेला आणि झिजलेला मांजऱ्या असेल तर शिरतं आणि आडवं सरकतं. हे बघायला बोअर मारायची गरज नाही. गावातल्या चारपाच जुन्या विहिरी उन्हाळ्यात वाकून बघा, भिंतीत थर स्पष्ट दिसतात आणि पाझर कुठल्या थरातनं फुटतोय तेही दिसतं. विहिरीच्या काठापासून पाझर किती फुटावर ते मोजून लिहा. प्रत्येक विहिरीच्या काठाच्या उंचीतनं ते अंतर वजा करून पाझराची उंची नकाशावर मांडली की पाणी धरणारा थर डोंगराच्या कुठल्या अंगाला उघडा पडतो ते कळतं, आणि मुरवायचं काम करायचं ते तिथं. विहीर पायथ्याला असते पण तिचं पाणी वरच्या कुठल्यातरी टप्प्यावर मुरलेलं असतं, नेमक्या त्या टप्प्यावर माती उघडी पडली असेल तर खाली कितीही खोदा.

ओढा वर्षभर वाचा

ओढ्यात पाणी दोन प्रकारानं येतं. पाऊस चालू असताना वरनं पळत आलेलं, आणि पाऊस थांबल्यावर जमिनीतनं हळूहळू झिरपत आलेलं. दिवाळीनंतर ओढ्यात जे वाहतं ते जवळपास सगळं दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे भूजलच ते, फक्त उघड्यावर आलेलं. त्यामुळे ओढा आणि विहिरी हे दोन वेगळे साठे समजायचे नाहीत, काठच्या विहिरींवर मोटारी वाढल्या की ओढा आधी आटतो, हे सगळीकडे झालंय.

तीन गोष्टी नियमानं लिहा. पहिली, मोठा पाऊस थांबल्यावर ओढा किती वेळानं निवळला. वरच्या रानात माती झाकलेली असेल तर पूर हळू चढतो, हळू उतरतो आणि पाणी लवकर नितळ होतं. धाडकन चढला, दोन तासात उतरला आणि पाणी चहासारखं राहिलं तर वर काहीतरी उघडं पडलंय. काचेच्या बाटलीत पुराचं पाणी भरून तारीख टाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी तळाला किती बोटं गाळ बसला ते मोजा. प्रत्येक उपओढ्याची वेगळी बाटली ठेवली तर गाळ नेमका कुठनं येतोय ते बोट ठेवून दाखवता येतं, मग सगळ्या डोंगरावर काम करत बसायला नको.

दुसरी गोष्ट प्रवाह. सरळ १० मीटरचा तुकडा निवडा, रुंदी आणि चारपाच जागची खोली मोजा, सरासरी काढा, संत्र्याची साल किंवा वाळलेली काडी सोडा आणि वेळ लावा. समजा रुंदी १ मीटर, खोली १० सेंमी, १० मीटर जायला २० सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. पण वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून त्याला ०.८ नं गुणायचं. उत्तर येतं सेकंदाला ४० लिटर. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असं महिन्याच्या ठरलेल्या तारखेला करा. पाणी फार कमी झालं की बादली लावून मोजा.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची, ओढा वाहायचा कोणत्या तारखेला थांबला ती तारीख. वाहणं थांबलं ती एक, शेवटचा डोह आटला ती दुसरी. कसल्याही मशीनशिवाय मिळणारी ही नोंद पाचसात वर्षांची झाली आणि शेजारी पावसाचे आकडे ठेवले की पाणलोट सुधारतोय का बिघडतोय हे कुणालाही वाचता येतं. पावसाचा आकडा रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातनं घ्या, महसूल मंडळाचा आकडा असतो पण एकाच मंडळात ह्या गावी पडतो आणि त्या गावी पडत नाही, म्हणून स्वतःचा पर्जन्यमापक पाहिजेच, शाळेच्या पटांगणात बसवा.

काठ आणि पाण्यातले जीव

काठावर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज, निर्गुडी आहेत का बघा, पात्रात शेरणी आणि लव्हाळा आहे का बघा. शेरणीच्या मुळ्या दगडात अशा रुतलेल्या असतात की पूर वरनं जातो आणि ती वाकून परत उभी राहते, काठ धरून ठेवायला तिच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. ह्या झाडोऱ्याची सावली असली की उन्हाळ्यात डोहाचं पाणी कमी तापतं, थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, मासे तगतात. वरच्या बारीक ओहोळात तर गळालेली पानं हेच मुख्य अन्न, पानांवर बुरशी वाढते, ती पानं किडे कुरतडतात, किडे मासे खातात, मासे खंड्या आणि ढोकरी खातात. शेतातनं वाहून येणारा युरिया काठच्या मुळ्या बराचसा अडवतात. काठ साफ करून बांधापर्यंत ऊस लावला की हे सगळं एकदम जातं आणि पुढच्या बंधाऱ्यात शेवाळ आणि जलपर्णी वाढते, पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो तेव्हा मासे वर येऊन तडफडतात. काठाला घाणेरी, वेडी बाभूळ, बेशरम माजली असेल तर तेही लिहा, पण एकदम सगळं उपटू नका, माती उघडी पडते. थोडं काढा, तिथं करंज-निर्गुडी लावा, ती धरली की पुढचं काढा.

पाणी चांगलं आहे का हे बघायला लॅब नंतर, आधी दगड उलटा. उथळ खळखळत्या पाण्यातला मुठीएवढा दगड उचला आणि खालची बाजू बघा. तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या, वाळूचे कण चिकटवून घर करणाऱ्या अळ्या, दोन शेपट्यांच्या दणकट अळ्या दिसल्या तर पाणी उत्तम, ह्यांना प्राणवायू भरपूर लागतो. नुसते लाल दोऱ्यासारखे किडे आणि कुजका वास म्हणजे वर कुठंतरी सांडपाणी येतंय. चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, म्हणजे वाहता, जिवंत ओढा गावाच्या तब्येतीशीही जोडलेला आहे. बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवा.

आणि चढणीचे मासे. पहिल्या मोठ्या पावसाला मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, अंडी घालायला, उथळ ओहोळात अगदी भाताच्या खाचरापर्यंत जातात. त्यांच्या वाटेत दीड-दोन मीटरची उभी सिमेंटची भिंत आली की वरचा ओढा माशांना बंद. त्यामुळे नवीन काम ठरवताना मासे कुठवर चढतात ते जुन्या मच्छीमारांना विचारा आणि शक्य तिथं उभ्या भिंतीऐवजी दगडी उताराचा सांडवा करा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे गाळे बंद करायच्या फळ्या, पावसाळ्याआधी निघालेच पाहिजेत आणि ऑक्टोबरात पाणी ओसरताना बसले पाहिजेत. बर्गे चोरीला जातात, गळके असतात, हा प्रश्न नवा बंधारा बांधण्यापेक्षा आधी सोडवा, खर्च फार कमी येतो. चढणीला दांडक्यानं आणि ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारायचं काही ठिकाणी चालतं, ते ग्रामसभेत ठराव करून बंद करा, अंड्यांनी भरलेली मादी मारली की पुढच्या वर्षीचा डोह रिकामा.

नाला खोलीकरणाबद्दल

ह्यावर वाद होतो मला माहीत आहे. नाले खोल-रुंद करून पाणी मुरवायचं धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं उदाहरण सगळे देतात, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी तिथं काम उभं केलं हे खरंच, पण तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत, तिथली जमीन वेगळी. तीच पद्धत बसाल्टच्या नाल्यात उचलून आणली की अडचण होते. नाल्याच्या तळाची वाळू आणि गोटे हेच मुळात साठवणीचं टाकं, वाळूत साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते, त्यात पाणी उन्हापासून झाकलेलं राहतं. तीच काढून उघडा खड्डा केला तर उन्हाळ्यात रोज ८-१० मिमी पाणी हवेत जातं. शिवाय ओढ्याचा तळ जवळच्या विहिरीतल्या पाण्यापेक्षा खाली गेला की आजूबाजूचं भूजलच ओढ्यात उतरून निघून जातं, म्हणजे मुरवायला गेलो आणि निचरा करून बसलो. उभे काठ तयार होतात, ते पुढच्या पुरात ढासळतात. म्हणून साठलेला गाळ काढा, तो रानात टाका, पण मूळ पात्र, वाळू आणि डोह ह्यांना हात लावू नका. वाळू उपशाला विरोध करायचा तोही ह्याच कारणासाठी.

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं हेही समजून घ्या. पावसाच्या पळत्या पाण्यानं भरलं तर ठीक. बोअर उपसून भरलं तर सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवलं, बाकी काही नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे जांभ्याचा सडा उघडाबोडका दिसतो पण पावसाचं पाणी तिथनं मुरून खाली वाडीतल्या झऱ्याला येतं. सड्यावर मशीन लावून सपाटीकरण करायच्या आधी खालचे झरे नकाशावर मांडा. देवराई बऱ्याचदा झऱ्याच्या डोक्यावरच असते, तिचा आकार कमी होऊ देऊ नका. वर घाटमाथ्यावर कासचं पठार बघा, सातारा शहर कासच्या तलावाचं पाणी पितं.

आता हिशेब मांडा

ऑक्टोबरमध्ये, रब्बीची पेरणी ठरायच्या आधी. एक मिमी पाऊस एका हेक्टरवर म्हणजे १०,००० लिटर, दहा हजारी एक टँकर. तुमचा पाणलोट ६०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी असेल तर ३०० कोटी लिटर, म्हणजे ३००० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, दहा लाख लिटर). आकडा बघून छाती फुगते, पण त्यातलं बहुतेक माती, पिकं, गवत, झाडं ह्यांच्यातनं हवेत परत जातं आणि काही वाहून जातं. भूजलात किती जातं ह्याचा ढोबळ निकष १९९७ च्या केंद्रीय भूजल अंदाज पद्धतीत दिलाय, झिजलेल्या बसाल्टला पावसाच्या ७ टक्के, मांजऱ्या आणि भेगाळ बसाल्टला १३ टक्के. मधला १० धरा, आले ३०० टीसीएम.

१५०० माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाला ३० टीसीएम. ५०० मोठी जनावरं, रोज ६० लिटर, ११ टीसीएम. राहिले २६० च्या आसपास. पाटपाण्यावरच्या उसाला पावसाचा वाटा सोडून हेक्टरी १५ टीसीएम धरले तर १७ हेक्टर उसात सगळं संपलं. तेच रब्बी ज्वारीला ६० मिमीच्या तीन पाळ्या दिल्या तर हेक्टरी १.८ टीसीएम, म्हणजे १४० हेक्टरच्या वर ज्वारी. हे दोन आकडे ग्रामसभेत फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि लोकांना बोलू द्या. पुरंदरमध्ये विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली तेव्हा हाच धागा पकडला होता, पाणी जमिनीवर नाही माणसांवर वाटायचं आणि उसाला द्यायचं नाही.

माझी एक जास्तीची मागणी आहे. बहुतेक गावांच्या पाण्याच्या ताळेबंदात माणसं, जनावरं, पिकं एवढेच रकाने असतात. चौथा रकाना ओढ्याचा टाका. काठची झाडं, डोह, मासे, रानातले प्राणी ह्यांना लागणारं पाणी त्या रकान्यात, आणि ते किती ते तुमच्या वहीतल्या तारखांवरनं ठरवा. समजा ओढा पूर्वी फेब्रुवारीअखेर वाहायचा आणि आता नोव्हेंबरला थांबतो, तर यंदा निदान जानेवारीपर्यंत वाहायला पाहिजे असं ठरवा, आणि तेवढ्यासाठी काठापासून ठरावीक अंतरातल्या मोटारींच्या पाळ्या बांधून द्या. विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चारदा मोजा, सकाळी मोटार चालू व्हायच्या आधी, दोरीला वजन बांधून, दरवेळी त्याच विहिरी आणि काठावरची तीच खूण. दहाबारा विहिरी पुरतात, फक्त माथ्याकडच्या, मधल्या आणि पायथ्याच्या अशा तिन्ही टप्प्यातल्या घ्या. जानेवारीची मोजणी झाली की ऑक्टोबरचा हिशेब काढून बघा, पातळी धरलेल्या अंदाजापेक्षा खाली गेली असेल तर उन्हाळी पिकाचा निर्णय तेव्हाच बदलायचा, मार्चची वाट बघायची नाही, कारण मार्चला पीक उभं असतं आणि उभ्या पिकाचं पाणी तोडायला कोण तयार होत नाही.